पांढरा डाग

आमच्या घरात मेयोनीजची बाटली फ्रीजमध्ये नसते, सिंकखालच्या कपाटात असते, फिनाइलच्या शेजारी. पाहुणे बघतात आणि शिष्टाचार म्हणून काही बोलत नाहीत. मेयोनीज हे पावाला नाही तर लाकडाला लावायचं असतं, हे मला पेठकरकाकांनी शिकवलं. त्यांनी शिकवलेलं मी त्यांच्या स्वतःच्या घरात एकदाच वापरलं. ते वापरलं नसतं तर आज मी त्यांच्याविषयी जरा मोकळेपणाने लिहू शकले असते.

मुकुंद पेठकर सिंगापुरात सेंगकांगला आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या वर दोन मजले राहायचे. रॅफल्स प्लेसमधल्या एका बँकेत कागदपत्रं तपासायची नोकरी. उंच, किंचित पोक आलेले, आणि हातांना कायम लिंबाचा वास. कुणाच्या घरी गेले की बसण्याआधी खुर्चीच्या हातावरून अंगठा फिरवायचे. यजमानांना वाटायचं, धूळ बघतायत. ते पॉलिश बघत असायचे.

माझी त्यांची ओळख वरणामुळे झाली. पुण्याहून येऊन आम्हाला महिनाही झाला नव्हता. भाड्याचं घर, सामान सगळं घरमालकाचं, आणि करारासोबत त्या सामानाची चार पानी यादी. कुठल्या दारावर कुठे चरा आहे इथपर्यंत लिहिलेलं. पुण्यात आम्ही टेबलावर पातेलं ठेवायचो, डाग पडला की वर टेबलक्लॉथ घालायचो, विषय संपला. त्याच सवयीने मी वरणाचं उकळतं पातेलं घरमालकाच्या सागवानी टेबलावर ठेवलं आणि उचललं तेव्हा खाली पांढरा गोल उमटला होता. नवऱ्याने कराराचं तिसरं पान काढून माझ्यासमोर धरलं. नवरे अशा वेळी फार उपयोगी पडतात.

इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर मी फोटो टाकला. पाच जणांनी एकच उत्तर दिलं, पेठकरांना बोलवा.

ते आले ते ऑफिसच्या शर्टावर आणि खाली हाफपँट घालून. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यातून त्यांनी जुन्या बनियनचे चौकोनी तुकडे काढले, साधी पांढरी टूथपेस्ट काढली आणि मेयोनीजची एक बाटली. सोबत दोन अक्रोड, सालासकट. डाग न बघताच ते आधी जमिनीवर उताणे झोपले आणि टेबलाखाली सरकले. मला वाटलं, चक्कर आली. टेबलाच्या पोटाला बोटभर मेयोनीज लावून ते तिथेच पडून राहिले, आणि पडल्या पडल्या त्यांनी मला पहिला धडा दिला.

"आधी जिथं कुणी बघत नाही तिथं लावून बघायचं. लाकडाला काय चालतं ते लाकूड सांगतं, बाटली सांगत नाही."

मग बाहेर येऊन त्यांनी गोलावर मेयोनीज लावलं, तासभर चहा पीत थांबले, पुसलं, आणि उरलेल्या सावटावर टूथपेस्टचा एक ठिपका घेऊन बनियनच्या तुकड्याने लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलके हलके घासत राहिले. गोल गेला. यादीत सापडलेला एक जुना चरासुद्धा त्यांनी अक्रोड फोडून त्याच्या गराने घासून बुजवला आणि म्हणाले, हा तुमचा नाही, पण असू दे. मी विचारलं, डाग परत वर नाही ना येणार? त्यावर मिळालेलं उत्तर मला आता तोंडपाठ आहे. पांढरा डाग म्हणजे वाफ, ती पॉलिशमध्ये अडकलेली असते, लाकडापर्यंत पोचलेली नसते, म्हणून निघतो. डाग काळा पडला की समजायचं पाणी आत लाकडात उतरलं. मग हात जोडायचे.

सिंगापुरात आमची माणसं सारखी कुठेतरी निघालेली असतात. कुणाचा पास, म्हणजे इथं काम करायचा परवाना, वाढत नाही, कुणाला सिडनीला नोकरी लागते, कुणाचे वडील आजारी पडतात. घर सोडायच्या दिवशी एजंट ती यादी घेऊन येतो आणि एकेक वस्तू तपासतो. डाग दिसला की डिपॉझिटला कात्री. याला सगळे हँडओव्हर म्हणतात. त्यामुळे कुणी जायचं ठरवलं की आधी सामान नेणाऱ्यांना फोन जायचा आणि लगेच पेठकरांना. शनिवारी सकाळी ते पिशवी घेऊन हजर. बुटांच्या कपाटावर देव मांडलेले असायचे, तिथलं तेल आणि कुंकू ते काढायचे. नळ लिंबाने, स्टीलची शेगडी खायच्या सोड्याने, दाराच्या कड्या चिंचेने. मोबदला म्हणून बशीभर पोहे घेत, तेही उभ्याने. आणि निघताना रिकाम्या घराकडे बघून समाधानाने म्हणत, "घर परत द्यायचं तर असं द्यावं, की आपण इथं नव्हतोच."

तेव्हा मला ते वाक्य फार आवडलं होतं. मी ते दोन-तीन ठिकाणी माझं म्हणून सांगितलंही.

एकदा मात्र मी त्यांना हरलेलं पाहिलं. देवल नावाच्या कुटुंबाचं हँडओव्हर होतं. त्यांच्या घरमालकाने आपल्या आजीचं एक जुनं चिनी कपाट घरात ठेवलं होतं, काळपट तांब्याच्या कड्यांचं. देवलांच्या आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना त्या कड्या बघवेनात. एवढं चांगलं तांबं आणि कुणी हात लावत नाही, म्हणून त्यांनी एका दुपारी चिंच आणि मीठ घेऊन बाराच्या बारा कड्या लखलखीत केल्या. मुलाला सरप्राइज दिलं. मुलाला यादीतली ओळ आठवली आणि त्याने कपाळाला हात लावला. त्यात लिहिलं होतं, कड्यांना पॉलिश करू नये.

काका त्या कपाटासमोर बसून एकेक कडी निरखत राहिले. देवलांच्या आई अपराधी चेहऱ्याने मागे उभ्या. शेवटी काकांनी विचारलं, घरात अंडी चालतील का? चालणार नव्हती, पण चालवून घेतली. कड्या काढून, उकडलेली अंडी कुस्करून, दोन्ही एका पिशवीत बांधून ठेवलं. अंड्याच्या वाफेने तांबं काळवंडतं म्हणे. देवलांच्या आईंनी दोन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. कड्या काळवंडल्या, एजंटला काही कळलं नाही, देवल सुटले. आम्ही सगळे हसत होतो. परत येताना आमच्या लिफ्टमध्ये काका एकटे हसत नव्हते.

"चमक कधीही आणता येते गं," ते म्हणाले. "ते काळेपण हात लागून लागून आलं होतं. मी आणलं ते सोंग आहे."

मी म्हटलं, काका, तुम्ही कड्यांचं फारच मनाला लावून घेता. माझा मजला आला आणि मी उतरले.

सुनंदाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, याच्या अगदी उलट. बुटक्या, बडबड्या, पसारा घालणाऱ्या. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि त्याविषयी कुणी हळहळलं तर काकू म्हणायच्या, बरंच आहे, यांनी त्यालाही टूथपेस्ट लावली असती. आल्या-गेल्याला सांगायच्या, या घरात न घासलेली मी एकटीच वस्तू आहे. काका यावर लाजत.

काकूंना कॅन्सर झाला तेव्हा आम्ही सगळे आळीपाळीने जात होतो. त्या खिडकीशी, घरमालकाच्या जेवणाच्या टेबलापाशी बसायच्या. तिथून एलआरटीची बिनड्रायव्हरची छोटी ट्रेन वळताना दिसते. औषधांनी तोंडाची चव गेली होती, तरी सुंठीचं उकळतं पाणी त्या मगभर प्यायच्या, दिवसातून तीन-चारदा. मगाखाली ठेवायला काकांनी घरभर कोस्टर पेरले होते. कॉर्कचे, कापडाचे, एक तर स्वतः विणलेला. काकू आपला मग नेमका कोस्टरच्या शेजारी ठेवायच्या. व्हायचं तेच झालं. रोज त्याच जागी ठेवून ठेवून एक पांढरा गोल टेबलावर बसला.

एका संध्याकाळी मी तिथे होते. काकांनी न राहवून बनियनचा तुकडा आणि टूथपेस्ट आणली. काकूंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"राहू दे तो. कुणी राहतंय असं वाटतं घरात."

मी हे माझ्या कानांनी ऐकलं. मी हसलेसुद्धा. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

काकू पावसाळी ढग दाटलेल्या एका सकाळी घरातच गेल्या. अस्थी न्यायला काकांनी घरातला तांब्या घेतला. त्या दिवशी पहाटे उठून त्यांनी तो लिंबूमिठाने घासला होता. बोटीत तो त्यांच्या मांडीवर होता आणि माझा चेहरा मला त्यात दिसत होता. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. समुद्रात सगळं सोडून झालं आणि रिकामा तांब्या ते परत घेऊन आले.

त्यानंतर ते हँडओव्हरला जात राहिले, पण त्यांच्या स्वतःच्या घराकडे बघवेना. नळांवर पांढरे थर, पितळी समई हिरवी पडलेली. मी मनात म्हणायचे, दिव्याखाली अंधार. टेबलापाशी त्यांनी आपली बसायची जागा बदलली होती. आता ते काकूंच्या खुर्चीसमोर बसत आणि जेवताना ताट त्या गोलाच्या अलीकडे ठेवत.

पुढच्या वर्षी बँकेने त्यांचा सगळा विभागच दुसऱ्या देशात हलवला. छप्पन्न वर्षांच्या माणसाला इथं नवी नोकरी कोण देणार? त्यांनी दोनदा पीआरसाठी, म्हणजे इथं कायम राहायच्या परवानगीसाठी, अर्ज केला होता, दोन्ही वेळा नकार आला होता. नोकरी गेली म्हणजे पास गेला, आणि पास गेला म्हणजे महिनाभरात देश सोडायचा. त्यांनी खरंच खूप प्रयत्न केले. माझ्या वन-नॉर्थच्या ऑफिसात त्यांचा बायोडेटा मी तीन जणांना दिला. तिघांनी तो चांगला आहे म्हणून सांगितलं आणि परत फोन केला नाही. घरमालकाला त्यांनी विचारलं, निदान ते टेबल मला विकत द्याल का? तो बिचारा भला माणूस होता, पण टेबल त्याच्या वडिलांनी बनवलं होतं. त्याने दिलगिरी व्यक्त केली.

सांगलीला भाऊ होता. मी समजूत घालायला म्हटलं, काका, आपली माणसं आहेत तिथं, बरं वाटेल. ते म्हणाले, "सांगलीत ती कधी राहिलीच नाही. तिथं मी तिला कुठं शोधू?"



शेवटच्या आठवड्यात आम्ही सगळे मदतीला जायला तयार होतो. ज्यांची घरं त्यांनी घासून दिली होती ते बहुतेक देश सोडून गेले होते, पण उरलेले होतोच. त्यांनी कुणालाही हात लावू दिला नाही. नळ चमकले, समई सोन्यासारखी झाली, दारांना खोबरेल आणि व्हिनेगरचा हात फिरला. एकट्याने सगळं केलं. टेबलावरचा गोल तेवढा राहिला होता.

हँडओव्हरच्या आदल्या दिवशी ते पासच्या शेवटच्या कामासाठी बाहेर गेले. कुरियरवाला दोन खोकी न्यायला येणार होता, म्हणून किल्ली माझ्याकडे दिली. मी घरूनच काम करत होते. खोकी गेली आणि मी रिकाम्या खोलीत उभी राहिले. तिरप्या उजेडात तो पांढरा गोल डोळ्यांत भरत होता. उद्या सकाळी दहाला एजंट येणार. मला वाटलं, सगळं केलं आणि इथं मात्र त्यांचा हात चालला नाही. चालणार कसा? मग हे आपणच करायला हवं. ते येईपर्यंत झालेलं असलं की त्यांना ते करावं लागणार नाही.

इतका दयाळू विचार मी आयुष्यात फार वेळा केलेला नाही.

खाली जाऊन मी मेयोनीज आणलं, टूथपेस्ट आणली, नवऱ्याचा बनियन कापला. आधी जमिनीवर उताणी झोपून टेबलाच्या पोटाला लावून पाहिलं. तासभर थांबले. पुसलं. मग लाकडाच्या रेषांच्या दिशेने, हलक्या हाताने, घाई न करता घासलं. अगदी त्यांच्यासारखं. गोल आधी फिकटला, मग चंद्रकोरीएवढा राहिला, मग गेला. वरून खोबरेलाचा हात फिरवला. मला माझं कौतुक वाटलं. मी फोटो काढला. आधीचा फोटो काढायचं मला सुचलं नव्हतं.

हात धुवायला स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर एजंटची यादी होती. प्रत्येक ओळीपुढे काकांच्या बारीक, सरळ अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं, डाग नाही, डाग नाही, डाग नाही. जेवणाच्या टेबलापुढे मात्र तीन वाक्यं होती. एक गोल डाग. आम्ही पाडलेला. तसाच ठेवला आहे, जे कापायचं ते कापावं.

मी ती यादी किती वेळा वाचली सांगता येणार नाही. मग मी किटलीत पाणी भरलं. उकळता मग त्याच जागी ठेवला तर परत उमटेल, असं माझ्या डोक्यात आलं. बटण दाबलंसुद्धा. पाणी गुणगुणायला लागलं तेव्हा लिफ्टमधला त्यांचा शब्द आठवला, सोंग. मी किटली बंद केली आणि दारातच बसून राहिले.

ते चारच्या सुमारास आले. मला दारात बघून त्यांनी विचारलं, कुरियरवाला आला नाही का? मी म्हटलं, आला होता. मग त्यांना खोबरेलाचा वास आला असावा. ते टेबलापाशी गेले. उभे राहिले. नेहमीसारखा अंगठा फिरवला, मग सबंध तळहात. खाली वाकून उजेडाच्या बाजूने पाहिलं. मी रडत काहीतरी सांगत होते, मला वाटलं तुम्हाला जमलं नाही, मला वाटलं मदत होईल.

"छान काढलास," ते म्हणाले. "कडासुद्धा राहिली नाही."

माझ्या डोक्यावर त्यांनी क्षणभर हात ठेवला. ते रागावले असते तर मला ते परवडलं असतं. मग स्वतःशी बोलावं तसं म्हणाले, "पांढरा होता ना. म्हणून निघाला."

दुसऱ्या दिवशी मी गेले. जायला नको होतं, पण त्यांना एकट्याला सोडायचं धाडस नव्हतं. एजंट तरुण चिनी मुलगी होती, एका हातात यादी, दुसऱ्यात बर्फ घातलेल्या कॉफीचा प्लास्टिकचा ग्लास. भराभर तपासत गेली. नळ, कड्या, कपाटं. टेबलाशी येऊन तिने ती तीन वाक्यं वाचली. टेबल पाहिलं. खिडकीचा पडदा सारून परत पाहिलं आणि इथल्या खास इंग्रजीत म्हणाली,

"अंकल, व्हेअर गॉट मार्क? नो मार्क लाह. लाइक न्यू."

काका म्हणाले, नो मार्क. तिने त्या तीन वाक्यांवर रेघ मारली आणि रेघेशेजारी सही करायला पेन दिलं. त्यांनी वाकून सही केली, नेहमीच्याच सरळ अक्षरात. मग ती त्यांना थम्ब्स अप करून हसली. तिच्या दृष्टीने सकाळ फार चांगली गेली होती.

सही घेताना तिने कॉफीचा ग्लास टेबलावर टेकवला होता. तो उचलला तेव्हा खाली पाण्याचा एक गोल राहिला. जवळपास त्याच जागी. काकांचा हात खिशात गेला आणि बनियनच्या तुकड्याचं टोक बाहेर आलं. पंधरा वर्षांत मी त्यांना असा गोल दोन सेकंदही राहू देताना पाहिलं नव्हतं.

त्यांनी तुकडा परत खिशात सारला. बॅगा दाराशी होत्या, टॅक्सी खाली आली होती. पंखा बंद होता, त्यामुळे पाणी वाळायला वेळ लागत होता. एजंटने दोनदा घड्याळ पाहिलं आणि मला खुणेने विचारलं, काय झालं? काका टेबलाशी उभे राहून त्या गोलाकडे बघत होते. तो कडेकडून आत आत येत लहान झाला, रुपयाएवढा झाला, मग तिथे काही नव्हतं. तेव्हा त्यांनी किल्ली दिली.